खोक्यावर १२८, खिशात किती?

पाच रुपयांचा बिस्किटचा पुडा हातात घ्या. कुठेतरी बारीक अक्षरात का होईना, 'निव्वळ वजन' इतके ग्रॅम असं छापलेलं असतं. वेष्टनाचं वजन त्यात धरत नाहीत. आता पंधरा-वीस हजारांच्या फोनचं खोकं बघा. त्यावर ठळक असतं, १२८ जीबी. त्यातली तुमच्या वाट्याला किती येणार? 'प्रत्यक्ष जागा कमी असू शकते' अशा टीपेवर बहुतेकदा भागवलेलं असतं. कमी म्हणजे किती, ते दुकानदारालाही माहीत नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. बिस्किटाला जो नियम, तो फोनला का नको?

आधी मेमरी म्हणजे काय ते बघू. फोनमध्ये ती दोन प्रकारची असते. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. आत्ता चालू असलेलं काम तिथे पसरायचं, काम संपलं की आवरायचं. स्टोरेज म्हणजे फडताळ. डबे तिथे कायमचे राहतात. ओटा लहान असेल तर काम अडतं, फडताळ लहान असेल तर नवा डबा ठेवायला जागा नसते. दोन्ही दुखणी वेगळी.

२००० सालच्या आसपास तळहातावर मावणारे 'पॉकेट पीसी' मिळायचे. आजच्या स्मार्टफोनचे काकाच म्हणा ना! त्यांच्यात ओटा आणि फडताळ मिळून एकच रॅम असे. सेटिंगमध्ये मेमरीचं एक पान असायचं आणि त्यावर एक सरकपट्टी. इकडे सरकवली की फाइल्सना जागा जास्त, तिकडे सरकवली की प्रोग्रॅमना. वाटणी मालकाच्या हातात. तोटाही मोठा होता. बॅटरी पूर्ण उतरली की फोन नंबर, नोंदी, सगळं साफ. म्हणून २००५ च्या विंडोज मोबाइल ५ पासून फाइल्स वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत गेल्या. बदल योग्यच होता. पण त्याबरोबर ती सरकपट्टीही गेली.

आज वाटणी कारखान्यातच होते. स्टोरेजचे भाग पाडलेले असतात. एका भागात ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि तिथे तुम्हाला हात लावता येत नाही. फोन 'रिसेट' केला तरी पुसला जातो तो तुमचा भाग, तो नाही. वर आधीच भरून दिलेली अ‍ॅप्स असतात. त्यातली काही काढताही येत नाहीत. म्हणजे कोऱ्या फोनमध्येही बरेच जीबी आधीच गेलेले असतात.

इथे कंपन्यांची एक बाजू मान्य करायला हवी. १२८ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजवर साधारण ११९ दिसतो, ती चोरी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. फरक मापाचा आहे.

पण 'रॅम ८ + ८ जीबी' या जाहिरातीचं काय? ही दुसरी आठ म्हणजे रॅम नाहीच. स्टोरेजमधली आठ जीबी जागा बाजूला काढून तिला रॅमचं नाव दिलेलं असतं. फडताळातला एक कप्पा रिकामा करायचा आणि 'ओटा वाढला' म्हणायचं! त्या कप्प्यात पोळी लाटता येत नाही. लाटलेली तेवढी ठेवता येते आणि लागली की पुन्हा ओट्यावर आणावी लागते. थोडा उपयोग होतो, नाही असं नाही. पण फ्लॅश मेमरी रॅमपेक्षा कितीतरी हळू असते. शिवाय ही आठ जीबी १२८ मध्येही मोजलेली आणि रॅममध्येही. एकच जागा दोनदा विकली की!

बरं, जागा पुढे वाढवायची म्हटलं तर? पूर्वी मेमरी कार्ड टाकलं की भागायचं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ ने तर कार्ड फोनच्याच स्टोरेजमध्ये जोडायची सोय दिली. आता महागड्या फोनमधून कार्डाची खाचच गायब होत चालली आहे. आयफोनला ती कधीच नव्हती. सॅमसंगच्या एस मालिकेतून ती २०२१ च्या एस २१ ला गेली. कार्ड हळू असतं, नकली कार्डांत डेटा जातो, हे खरं आहे. पण परिणाम असा की जागा किती लागेल हे पहिल्याच दिवशी ठरवायचं आणि तेव्हाच पैसे मोजायचे. पैसे नसतील तर क्लाउड. गुगलची फुकट जागा १५ जीबी. मेल, ड्राइव्ह आणि १ जून २०२१ पासून टाकलेले फोटो, सगळं त्यातच. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही त्यातच. पुढे दरमहा भाडं. कार्ड एकदा घेतलं की आपलं असतं, क्लाउड म्हणजे पेइंग गेस्टची खोली. भाडं थांबलं की सामान हलवा!

याचा फटका कुणाला बसतो? घरून ठरलेल्या रकमेत सगळ्यात स्वस्त मॉडेल घेणाऱ्याला. नोट्सच्या पीडीएफ, लेक्चरचे व्हिडिओ, फॉर्मचे स्कॅन, सगळं त्याच एका फोनवर असलेल्याला.

म्हणून खोक्यावर तीन गोष्टी ठळक हव्यात. खरी रॅम किती, पहिल्या दिवशी रिकामी जागा किती, कार्ड चालतं की नाही. 'अपडेटने जागा बदलते, मग छापायचं काय?' असं कंपन्या म्हणतील. विक्रीच्या दिवशीचा आकडा छापा, एवढंच मागणं आहे. पाकीटबंद मालासाठी २०११ चे नियम आहेत, फसव्या जाहिरातींसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. निव्वळ जागेचा एक कलमी बदल अशक्य नाही.

तोवर एक करा. दुकानात डेमो फोन मागा, सेटिंगमधलं स्टोरेजचं पान उघडा आणि रिकामा आकडा स्वतः वाचा. 'ही अधिकची रॅम कुठून आली?' हे विचारा. जाहिरात आणि माल जुळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तो लक्षात ठेवायला एक केबीसुद्धा लागत नाही.