मुलं झाली, म्हणून पिशवी काढायची?

जालना जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांतल्या बायांनो, आणि त्यांच्या घरच्यांनो,

जून २०२५ मधली बातमी तुमच्या कानावर आलीच असेल. गोदावरीच्या पलीकडे, बीड जिल्ह्यात, ऊसतोड बायकांची आरोग्य तपासणी झाली आणि त्यांतल्या ८४३ जणींची गर्भपिशवी आधीच काढलेली निघाली. ४७७ जणी तीस ते पस्तीस वर्षांच्या. चार दिवस टीव्हीवर आरडाओरड झाली, पाचव्या दिवशी पावसाची बातमी वर आली.

२०१९ मध्येही असंच झालं होतं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहा जणींमागे एक. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभराला तीनच्या आसपास आहे. वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, हे आधीच सांगतो, नाहीतर कोणीतरी शहाणा तेवढ्यावरून सगळं पत्रक फेकून देईल.

मुकादम, उचल, खाडा यांबद्दल तुम्हाला आम्ही काय सांगावं? अंबड-घनसावंगीच्या गावांतून आणि मंठ्याच्या तांड्यांवरून कोयते दरवर्षी जातात. पाळीच्या दिवसांत एक खाडा पडला की दंड, म्हणून पिशवीच काढायची. ऑपरेशनला पुन्हा मुकादमाकडूनच पैसे घ्यायचे आणि ते फेडायला टाके ओले असताना मोळी उचलायची. या लुटीवर बोलणारे आहेत आणि त्यांनी बोलत राहावं. आमचं भांडण आज दुसऱ्याशी आहे.

आमचं भांडण एका प्रश्नाशी आहे. तो ऊसतोड बाईला विचारतात तसाच शाळेतल्या बाईंना विचारतात, मोंढ्यातल्या अडत्याच्या बायकोलाही विचारतात. सोनोग्राफीचा कागद टेबलावर असतो. त्यावर लिहिलेलं असतं, गर्भाशयात अमुक सेंटिमीटरची गाठ. बाईचं हिमोग्लोबिन किती आहे, पाळीत किती दिवस जातं, दुखतं का, लघवीला त्रास होतो का, हे नंतर. पहिला प्रश्न ठरलेला: “मुलं किती? दोन? झाली ना मग! आता पिशवी ठेवून काय करायचं?”

बाकीचं सगळं याच प्रश्नातून निघतं. कॅन्सरची भीती त्याला जोडून येते, ऑपरेशनची तारीख त्याच्यामागून येते. नवरा मान डोलावतो, सासू म्हणते एकदाची कटकट मिटेल, आणि बाईलाही वाटतं, खरंच की, आता तिचं काय काम! तीस वर्षांच्या बाईच्या शरीरातला अवयव आहे, सुगी संपल्यावर माळ्यावर टाकायची पाभर नव्हे.

मोसंबीच्या झाडाला डिंक्या लागला तर आपण काय करतो? साल खरवडतो, बोर्डो पेस्ट लावतो, पाणी बुंध्यापासून दूर नेतो, चार लोकांना विचारतो. लगेच कुऱ्हाड घेत नाही. झाडाला जेवढा विचार मिळतो तेवढा बाईला मिळावा, एवढीच ही मागणी आहे.

आता गाठीबद्दल शांतपणे बोलू. फायब्रॉईड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूचीच साधी गाठ. ती कॅन्सर नसते. अमेरिकेत पन्नाशीपर्यंतच्या बायकांची सोनोग्राफी करून पाहिली तेव्हा गोऱ्या बायकांत सुमारे ७० टक्के आणि काळ्या बायकांत ८० टक्क्यांहून जास्त जणींना अशा गाठी सापडल्या. बहुतेकींना त्यांचा पत्ताही नव्हता. म्हणजे गाठ दिसली हा काही आजाराचा पुरावा नाही. शोधली तर ती अर्ध्याहून जास्त बायकांत सापडते. त्रास नसेल तर गाठीला उपचारच लागत नाही, अधूनमधून तपासणी लागते. आणि पाळी गेली की या गाठी बहुधा आपोआप आक्रसतात. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला दोन-तीन वर्षं काढायची असतात. तेवढ्यासाठी पोट फाडायचं का, हे तिला विचारलं तरी कोणी?

त्रास असेल तर? असतोच पुष्कळ जणींना. अंगावरून इतकं जातं की उठता येत नाही, रक्ताच्या गाठी पडतात, हिमोग्लोबिन सातवर येतं. हा त्रास खरा आहे आणि त्याला कोणी नाटक म्हणू नये. पण त्यावरचे उपचार एकाहून जास्त आहेत.

पहिला उपचार रक्ताचा. लोहाच्या गोळ्या, फारच कमी असेल तर सलाइनमधून लोह. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना पांडुरोग आहे. म्हणजे ज्या बाईची पिशवी काढायला निघालात, तिला आधी लोह द्यायला हवं होतं. दुसरी गोष्ट, ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या. फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत घ्यायच्या, रक्तस्राव निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकतो. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना सांगूनच घ्या. तिसरी, हार्मोनची कॉपर-टीसारखी बारीक वस्तू, पिशवीत बसवतात. पाच वर्षं तरी चालते आणि पाळी इतकी कमी करते की काही जणींची बंदच होते. गाठ पिशवीच्या आतल्या पोकळीत डोकावत असेल तर ती नीट बसत नाही. पण ते तपासून ठरवायचं असतं, नुसतं कागदावरून नाही.

ती आत डोकावणारी गाठच खरं तर सगळ्यांत जास्त रक्त काढते. आणि तीच काढायला सगळ्यांत सोपी. पोटाला चीर न देता, खालच्या वाटेने दुर्बीण घालून ती खरवडून काढतात. बाई त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येते. अशी गाठ असलेल्या किती बायांची पूर्ण पिशवी गेली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

बाकीच्या गाठी दुर्बिणीने किंवा पोट उघडून एकेक काढता येतात. पिशवी जागेवर राहते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये व्हिक्टर बॉनी नावाचे शल्यविशारद या ऑपरेशनसाठी झगडत होते. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, आजच्यासारखी भूल नव्हती, रक्तपेढी नव्हती. शंभर वर्षांपूर्वी ज्याचा आग्रह धरता आला, ते आज ‘फार रिस्की आहे हो’ म्हणून उडवून लावतात. गाठी पुन्हा होऊ शकतात, हे खरं आहे. ते बाईला सांगा आणि तिला ठरवू द्या.

आणखी एक आहे. १९९५ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी जगासमोर मांडलं की मांडीच्या धमनीतून बारीक नळी सोडून गाठीला जाणारा रक्तपुरवठा बंद केला, तर गाठ वाळत जाते. तीस वर्षं झाली. मोठ्या शहरांत हे होतं. जालन्यात किती बायकांनी या उपचाराचं नाव ऐकलंय? जालन्याची सळई समृद्धी महामार्गावरून मुंबईला पोचते. ही माहिती मुंबईहून जालन्यापर्यंत तीस वर्षांत पोचली नाही.

आता नेहमी घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांकडे वळू.

“गाठीचा कॅन्सर होईल.” ज्याने हे पहिल्यांदा सांगायला सुरुवात केली त्याला आमचा दंडवत, भीती विकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. फायब्रॉईडचं कॅन्सरमध्ये रूपांतर होणं अतिदुर्मीळ. गाठीसारखा दिसणारा वेगळाच एक कॅन्सर क्वचित लपलेला असतो. २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याचा अंदाज दिला: फायब्रॉईड समजून ऑपरेशन केलेल्या साडेतीनशे बायकांमागे सुमारे एक. तोही अनेक तज्ज्ञांना फुगवलेला वाटला. शिवाय वय वाढतं तसा हा धोका वाढतो, बत्तिशीत तो आणखी कमी. पण ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकल्यावर तांड्यावरची बाई वय आणि प्रमाण विचारत बसत नाही. ती म्हशीचा सौदा करायला लागते. शंका असेल तर तपासणी करा. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीही साध्या तपासण्या आहेत. पांढरं जातं म्हणून, ‘पिशवीला सूज आहे’ म्हणून पिशवी काढणं म्हणजे तपासणीचे कष्ट वाचवणं.

“बाईच म्हणते काढून टाका.” हा आक्षेप आम्हाला सगळ्यांत जास्त चीड आणतो. तिच्यासमोर एकच दार उघडं ठेवायचं आणि ती त्यातून बाहेर पडली की म्हणायचं, तिने निवडलं. तिला गोळ्या सांगितल्या होत्या? दुर्बीण सांगितली होती? पाळी गेल्यावर गाठ आक्रसते, हे सांगितलं होतं? पुढचं तर कोणीच सांगत नाही. अंडकोष ठेवले तरी पिशवी काढल्यावर पाळी जाण्याची लक्षणं लवकर येण्याची शक्यता वाढते. पिशवीबरोबर अंडकोषही काढले तर हाडं आणि हृदय दोन्ही लवकर खचतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१८ साली दाखवलं की पस्तिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायकांमध्ये, अंडकोष ठेवलेले असूनसुद्धा, हृदय निकामी होण्याचा धोका साडेचार पटींहून जास्त आढळला. आपल्या देशात पिशवी काढण्याचं मधलं वय चौतीस आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा.

“खेड्यातली बाई पुन्हा येत नाही, मग एकदाच काम संपवलेलं बरं.” पुन्हा येत नाही कारण एसटीचं भाडं आहे, मजुरी बुडते, आणि आली की अडीच तास बाकड्यावर बसवून दोन मिनिटांत बाहेर काढतात. तुमच्या बाकड्याचा दोष तिच्या पोटावर का काढता?

“सगळ्या डॉक्टरांना बदनाम करताय.” नाही. बाईला समोर बसवून चार पर्याय सांगणारे डॉक्टर या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांना आमच्याइतकीच या धंद्याची लाज वाटते. गाठी खूप मोठ्या, बाकी उपचार थकले, बाईने समजून-उमजून ठरवलं, तर पिशवी काढणं हाच योग्य उपचार असतो; तेव्हा आम्ही स्वतः तिच्यासोबत दवाखान्यात येऊ. आमचा राग पर्याय गिळून टाकणाऱ्या सवयीवर आहे.

आणि ही सवय आता बेकायदेशीरही आहे. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्णाची संमती खरी ठरायची तर तिला उपचाराचं स्वरूप, त्याचे मोठे धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे सांगितलेलं हवं. त्या खटल्यातली बाई तपासणीसाठी भूल घेऊन पडली होती. बाहेर आईची सही घेतली आणि तिची पिशवी आणि अंडकोष काढले. शुद्धीवर येणाऱ्या सज्ञान बाईच्या ऐवजी आईची सही चालणार नाही, असं न्यायालयाने ठणकावलं. मग नवऱ्याची कशी चालेल?

पुढे राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच ऑपरेशनांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये याचिका केली. ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल लागला: अनावश्यक पिशवी-ऑपरेशनं रोखण्याची केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत. जिल्ह्याजिल्ह्यात देखरेख समिती, ऑपरेशन झालेल्या बायकांच्या वयाची आणि कारणांची नोंद, दोषी दवाखाने काळ्या यादीत. बीडमध्ये तर २०१९ पासूनच खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. नदी ओलांडली की बाईचं पोट बदलतं का?

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. बीडचा परवानगीचा नियम जालन्यात लागू करा. चाळिशीच्या आतल्या प्रत्येक पिशवी-ऑपरेशनचा तालुकावार आकडा, कारणासह, दर तीन महिन्यांनी लोकांसमोर ठेवा. बाईचं नाव नको, दवाखान्याचं हवं. जालन्याला २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे खालच्या वाटेने दुर्बिणीने गाठ काढण्याची सोय आणि ती हार्मोनची वस्तू फुकट मिळण्याची सोय करा.

आणि बायांनो, तुमच्यापैकी कोणाला उद्या ‘मुलं झाली ना?’ असं विचारलं, तर सही करू नका. विचारा: गाठ नेमकी कुठे आहे? माझं हिमोग्लोबिन किती आहे? पिशवी न काढता काय काय करता येईल? आत्ताच केलं नाही तर काय होईल? उत्तर कागदावर मागा. तुमचे रिपोर्ट तुमचे आहेत, मागितल्यापासून ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ते घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा. चक्कर येण्याइतकं, पॅड तासाभरात भिजण्याइतकं जात असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, रक्त थांबवून घ्या आणि पिशवीचा निर्णय नंतर शुद्धीत बसून करा.

वाचून झालं की हे पत्रक घरातल्या बाईच्या हातात द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, पूर्ण.