तेल दाट असावे की पातळ?

कौटुंबिक मासिकाच्या पानांवर इंजिन ऑइलची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर एवढेच की, ज्या घराची चूल मालमोटारीच्या चाकांवर पेटते, त्या घराला हा विषय मुळीच परका नाही. आपल्या माळव्यात अशी घरे थोडी नाहीत.

इंदूरच्याच एका वाचक भगिनींचे पत्र आम्हांस आले आहे. यजमानांची स्वतःची एकच मालमोटार. ती पाच लाख किलोमीटरांहून अधिक धावलेली आहे. माल भरून सेंधव्यापुढचा बिजासन घाट उतरायचा, धुळे-नाशिककडे जायचे आणि परतीच्या खेपेस तोच घाट भरल्या गाडीने चढायचा, हा तिचा नित्यक्रम. उन्हाळ्यात घाट चढून गाडी उभी केली की ऑइल प्रेशरचा काटा खाली झुकतो. एक मिस्त्री म्हणतो, "१५डब्ल्यू-४० सोडा, २०डब्ल्यू-५० घाला." दुसरा म्हणतो, "तेल बदलू नका." इंजिन उघडावे तर मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम मोडावी लागते. कोणाचे ऐकावे, असे ताईंनी विचारले आहे.

प्रथम डब्यावरील अक्षरांचा अर्थ पाहू. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली तेलांची दाटपणानुसार वर्गवारी केली आणि तीच पुढे सुधारत आली. 'डब्ल्यू' हे अक्षर वजनाचे द्योतक आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते हिवाळ्याचे आद्याक्षर होय. त्याच्या अलीकडचा आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहते ते सांगतो, तर पलीकडचा आकडा तापलेल्या इंजिनातील दाटपणा सांगतो. पाठ्यपुस्तकांत यालाच श्यानता म्हणतात. शंभर अंश सेल्सियसला ४० क्रमांकाच्या तेलाची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असते. ५० क्रमांकाची १६.३ ते २१.९.

१५डब्ल्यूची चाचणी शून्याखाली २० अंशांवर आणि २०डब्ल्यूची शून्याखाली १५ अंशांवर होते. आपल्याकडे इतकी थंडी कधीच पडत नाही. म्हणून यांपैकी कोणतेही तेल आपल्या हवेत गोठणार नाही. तरीही पौषातल्या पहाटे पातळ तेल इंजिनाच्या माथ्यापर्यंत लवकर पोहोचते, हा त्याचा गुण आहेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रेशरचा काटा तेलाच्या वाहण्यास होणारा विरोध दाखवितो. बेअरिंगे झिजून फट वाढली की विरोध घटतो व काटा पडतो. दाट तेल घातले की विरोध वाढतो आणि काटा वर येतो. त्यात थोडा खरा लाभही आहे: सैल झालेल्या फटीत तेलाचा पापुद्रा जाड राहतो, आणि जुन्या इंजिनात तेल जळण्याचे प्रमाणही काहीसे कमी होऊ शकते. परंतु झिजलेले बेअरिंग त्याने भरून येत नाही. शिवाय घर्षण वाढून डिझेल थोडे अधिक लागते आणि सकाळी तेल उशिरा पोहोचते.

काटा पडण्याची इतर कारणेही ध्यानात घ्यावीत. इंजेक्टर गळत असेल तर डिझेल तेलात मिसळून ते पातळ होते. तेलाचा दाटपणा टिकविणारे लांबलचक रेणू सततच्या घुसळणीने तुटतात आणि ४० म्हणून ओतलेले तेल ३० होऊन बसते. तेल-पंप झिजलेला असू शकतो, तळाची जाळी तुंबलेली असू शकते, आणि कित्येकदा काटाच खोटे बोलतो. पाणी नेमके कोठे मुरते आहे हे न पाहता डबा बदलणे म्हणजे नाडी न पाहता काढा देणे होय.

म्हणून आमचा सल्ला असा. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत हवेच्या तापमानानुसार तेलाचा तक्ता असतो. तो आधी पाहावा. डिपस्टिक काढून तेलाची पातळी व वास तपासावा. पातळी आपोआप वाढत असेल किंवा डिझेलचा वास येत असेल, तर दोष तेलाच्या क्रमांकात नाही. मग इंजिन पुरते तापलेले असताना स्वतंत्र गेज लावून, उभ्या गाडीत आणि नेहमीच्या वेगाच्या फेऱ्यांवर, असे दोन्ही वेळा प्रेशर मोजावे व पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावे.

प्रेशर मर्यादेत असेल तर १५डब्ल्यू-४० चालू ठेवावे आणि घाटाचे काम ध्यानात घेऊन ते थोडे आधी बदलावे. पुस्तिकेची अनुज्ञा असेल तर चैत्र ते ज्येष्ठ २०डब्ल्यू-५० घालण्यासही आमची हरकत नाही. मात्र प्रेशर मर्यादेखाली असेल, तर दाट तेलाने दिवस ढकलू नयेत. तळाचे पात्र उतरवून बेअरिंगांच्या वाट्या पाहून घ्याव्यात. वाट्या वेळीच बदलल्या तर खर्च आवाक्यात राहतो. क्रँकशाफ्ट खरवडला गेला म्हणजे तोच खर्च कितीतरी पटींनी वाढतो आणि गाडी दारात उभी राहते ती निराळीच. मुलीची रक्कम वाचविण्याचा मार्गही हाच आहे.

इतर वाचकांसाठी एक सूचना. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मालमोटारींत धुराच्या मार्गावर गाळणी असते. तीत तेलाची राख साचते. म्हणून त्या गाड्यांत क्रमांक जुळला तरी पुरेसे नाही, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे कमी राखेचेच तेल घालावे.

ताईंनी एक वही करावी. प्रत्येक खेपेनंतर किलोमीटर, वरून घातलेले तेल आणि तापलेल्या इंजिनाचे प्रेशर, एवढे तीन आकडे तीत लिहावेत. दोन मिस्त्र्यांत पुन्हा मतभेद झाला, तर ती वही दोघांपुढे ठेवावी. पहिली नोंद मात्र पुढची खेप भरण्यापूर्वीच व्हावी.