खरखरीचा पाठभेद

आमच्या मराठी विभागाची सहल दर हिवाळ्यात अजिंठ्याला जाते. लेणे क्रमांक १ मधील महाजनक जातकाच्या चित्रापुढे आम्ही विद्यार्थ्यांना हमखास थांबवतो, नर्तकीभोवतीच्या वादक स्त्रिया दाखवतो, पाचव्या शतकातील संगीतजीवनावर चार वाक्ये बोलतो. अशाच एका सहलीहून परतताना फर्दापुरात लग्नाची वरात आडवी आली. पुढे बेंजो, मागे ढोल-ताशा, हातगाडीवर ॲम्प्लिफायर आणि कर्णे. बेंजोचा सूर नितळ नव्हता. त्याला एक जाड, फाटकी, करवतीच्या दात्यांसारखी कड होती. माझ्या सहकाऱ्यांनी बसची काच ओढून घेतली आणि ते म्हणाले, "काय ही खरखर! यांना धड यंत्रही मिळत नाही." मागच्या बाकावरून एम.ए.चा एक विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, ती बिघाडाची खरखर नाही. ती केलेली आहे."

ती करणारी पेटी त्यानेच बांधली होती. प्रस्तुत लेख त्याच्या 'केलेली आहे' या दोन शब्दांच्या बाजूने आहे, आणि ते शब्द ज्यांना ऐकू येत नाहीत अशा आपल्या मराठी विभागांच्या विरोधात आहे. त्यात मीही आलोच.

पुढच्या आठवड्यात त्याने ती पेटी विभागात आणली. विजेच्या फिटिंगला लागतो तसला पत्र्याचा डबा, पायाने दाबायची कळ, दोन फिरत्या खुंट्या, आत नऊ व्होल्टची बॅटरी आणि भोकाभोकांच्या पाटीवर डाख देऊन बसवलेले मोजके भाग. मूळ आराखडा गिटारसाठीचा, १९६६ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या 'फझ फेस' या पेटीचा. दोन ट्रान्झिस्टर, काही रोधक आणि धारित्रे मिळून त्यात डझनभरही भाग नसतात. पहिला ट्रान्झिस्टर तारेचा क्षीण संकेत वाढवतो. दुसरा तो इतका वाढवतो की बॅटरीच्या मर्यादेत लाटेचा माथा मावत नाही आणि तो कापला जातो. कापलेल्या लाटेत मूळ सुराच्या पटीतले नवे स्वर जन्मतात. कानाला खरखर वाटते ती हीच नव्या स्वरांची दाटी.

मूळचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आता सहज मिळत नाहीत म्हणून त्याने बाजारात कुठेही मिळणारे सिलिकॉनचे बीसी ५४७ घातले आणि त्यानुसार रोधकांची मूल्ये बदलली. इथवर सारे उतरवून घेणे होते. पुढे जे केले ते भाष्य होते. गिटारवादक नको ती तार दाबून मुकी ठेवू शकतो. बेंजोत मात्र सुरावटीच्या तारांबरोबर साथीच्या तारा सतत वाजत असतात. अनेक स्वर एकाच वेळी अशा पेटीतून गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे उपरे स्वर निर्माण होतात आणि सगळा चिखल होतो. म्हणून त्याने पेटीच्या तोंडाशी असलेले २.२ मायक्रोफॅरडचे धारित्र काढून तिथे ०.०४७ चे बसवले. खर्जाचा गलका कापणीपूर्वीच पातळ झाला. साथीच्या तारा त्याने फक्त षड्ज-पंचमात लावल्या. का, असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, सा आणि प यांचे नाते दोनास तीन. वजाबाकी एक. म्हणजे खरखरीतून निघणारा उपरा स्वरही खालचा साच असतो. तो परका वाटत नाही."

हे वाक्य जर एखाद्या संगीतशास्त्राच्या ग्रंथात असते तर आपण अधोरेखित केले असते. पत्र्याच्या डब्यातून आले म्हणून त्याला आपण 'जुगाड' म्हणतो.

'जुगाड' हा शब्द अलीकडे फार कौतुकाने वापरला जातो. मला तो शिवीपेक्षा वाईट वाटतो. शिवी निदान समोरच्याला प्रतिस्पर्धी मानते. 'जुगाड' म्हणणारा गृहीत धरतो की या माणसाने हाताला लागले ते जोडले आणि नशिबाने ते चालले. यामागे निवड नाही, नकार नाही, तत्त्व नाही. पण २.२ ऐवजी ०.०४७ ही निवड आहे. ती करण्यापूर्वी त्याने दहा-बारा धारित्रे लावून काढली होती, प्रत्येकाचा निकाल वहीत नोंदवला होता. कवी शब्द खोडून दुसरा लिहितो तेव्हा आपण त्याच्या हस्तलिखितावर प्रबंध लिहितो. तंत्रज्ञ तेच करतो तेव्हा ते जुगाड?

आता कोणी म्हणेल, बिघाडाला सौंदर्य म्हणण्याची ही आधुनिक फॅशन आहे. या आक्षेपाला इतिहासाचे उत्तर आहे. मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ सालच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात, अमेरिकेतील नॅशव्हिल इथे, ध्वनिफलकाचा एक मार्ग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या वादनाला भुंग्यासारखी घरघर आली. ती पुसून टाकण्याऐवजी ठेवली गेली. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रण अभियंत्याने तो बिघाड मुद्दाम घडवणारे मंडल सहकाऱ्याच्या साहाय्याने तयार केले, आणि १९६२ मध्ये 'मॅस्ट्रो फझ-टोन' या नावाने त्याची पेटी बाजारात आली. १९६५ च्या 'सॅटिस्फॅक्शन'ने ती जगभर पोचवली. इथे घडले ते असे: अपपाठ आधी सहन केला गेला, मग वाचला गेला, मग संहितेत घेतला गेला. आपल्याला, पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना, ही प्रक्रिया अनोळखी वाटायला नको होती.

याच जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. मग नाथांची साक्ष माझ्या विरुद्धच जात नाही का? त्यांनी तर शिरलेले अपपाठ काढून टाकले. होय, आणि म्हणूनच ती साक्ष मला हवी आहे. शुद्धी करायला अपपाठ आणि पाठभेद यांतला फरक कळावा लागतो, आणि तो कळायला संहिता आतून माहीत असावी लागते. माझ्या विद्यार्थ्याच्या पेटीतही नको असलेली खरखर होतीच: कच्च्या डाखाची, सैल तारेची, विजेच्या पुरवठ्यातून शिरणाऱ्या गुणगुणीची. ती त्याने निगुतीने काढली होती. एक खरखर काढणे आणि दुसरी घडवणे ही एकाच विवेकाची दोन कामे आहेत. माझ्या सहकाऱ्यांना दोन्ही एकच ऐकू आल्या. निरक्षर कोण ठरले, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरा आक्षेप देशीपणाच्या नावाने येतो: बेंजो आपला नाही, पेटी आपली नाही, मग हे आपले संचित कसे? बेंजोची वंशावळ पाहिली तर हा आक्षेप स्वतःच्याच पायात अडखळतो. १९१२ साली जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्राच्या कळांवरून 'ताइशोगोतो' बनवले. ते भारतात येऊन बुलबुलतरंग झाले. महाराष्ट्रात त्याला ज्या वाद्याचे नाव चिकटले ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी अमेरिकेत घडवले. देह जपानी, नाव आफ्रिकी-अमेरिकी, आणि आज वरात, मिरवणूक, गणपती त्याच्यावाचून अडतात. रवी जाधव यांनी २०१६ साली त्यावर 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला. आपल्या एखाद्या अभ्यासमंडळाला मात्र तो अजून परका वाटतो. देशीपण जन्मदाखल्यात शोधायचे की वापरात, हा प्रश्न आपण कादंबरीबाबत कधीच निकालात काढला आहे. कादंबरी कुठून आली होती?

एक गोष्ट मान्य करतो. वरातीतल्या भिंतीएवढ्या कर्ण्यांचा त्रास खरा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती पाळलीच पाहिजे. पण आवाजाची पातळी आणि आवाजाचा पोत या दोन वेगळ्या बाबी आहेत. ही पेटी हळू आवाजातही तेवढीच खरखरते. पातळीविरुद्धची तक्रार नागरिकाची असते. पोताविरुद्धची तक्रार बहुधा अभिरुचीची असते, आणि आपल्याकडे अभिरुचीला जातीचा आणि गावकुसाचा वास फार लवकर लागतो.

आता जे सांगायला नको वाटते ते. त्या विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी विषय दिला: बेंजोवादक आणि ध्वनियंत्रे दुरुस्त करणारे यांची मराठी. 'डाख', 'कच्चा डाख', 'माथा कापणे', 'सूर फाडणे', 'दम धरणे' असे शंभरावर शब्द त्याने जमवले होते. काही जुने, काही कारागिरांनी गेल्या पन्नास वर्षांत घडवलेले. आमच्या समितीने विषय फेटाळला. शेरा होता, 'हा साहित्याचा विषय नाही.' खाली तीन सह्या होत्या. तिसरी माझी. मी वाद घातला नाही, कारण बैठक लांबली होती. त्याने मग एका ग्रामीण कथासंग्रहातील स्त्रीचित्रणावर प्रबंध लिहिला, उत्तीर्ण झाला, आणि शब्दांची ती वही पुन्हा कधी विभागात आणली नाही.

त्रिंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाडा' लिहिला तो १९१५ साली. बलुतेदारांच्या कामाची भाषा त्यात आली म्हणून आज आपण तो ग्रंथ पूजतो. आजच्या बलुत्याच्या हातात डाख देण्याची कानस-इस्त्री आहे, तर त्याची भाषा आपल्या लेखी भाषाच नाही. मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून आपण ठराव करतो, परिभाषाकोशांची वाट पाहतो. ज्ञान मराठीत ज्या ठिकाणी आधीच घडते आहे, तिथून जाताना मात्र काच ओढून घेतो.

फर्दापूर म्हटले की आपल्या वाचकाला लेणी आठवतात, फार तर ना. धों. महानोरांची 'अजिंठा'. आठवावीतच. पण भिंतीवरच्या वादकांचा सूर आता कोणालाच ऐकू येणार नाही. रस्त्यावरच्या वादकाचा अजून येतो. पुढच्या सहलीत बसची काच खाली ठेवावी, एवढे तरी आपण करू शकतो. आणि त्या मुलाला मी पत्र लिहिले आहे. वही अजून असेल तर घेऊन ये, असे.