आकाशातलं बारसं
बालमित्रांनो, एप्रिलमध्ये सोलापूरच्या उकाड्यात गच्चीवर झोपायला जाता ना? तेव्हा डोक्यावर मघा नक्षत्राचा ठळक तारा बघा. त्याच्या दक्षिणेला बिभा नावाचा तारा आहे. नुसत्या डोळ्यांनी तो दिसायचा नाही, लहान दुर्बीण हवी. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ३४० वर्षं लागतात. म्हणजे आज दिसणारा उजेड निघाला, तेव्हा इथे संभाजीराजांचं राज्य होतं!

बिभाभोवती गुरूच्या दीडपट वस्तुमानाचा ग्रह फिरतो. त्याचं वर्ष जेमतेम दोन दिवसांचं! २००६ साली तो सापडला, तोही प्रत्यक्ष न दिसता. कसा? फुगडी आठवा. थोरली ताई आणि धाकटी फुगडी घालतात तेव्हा धाकटी गरगर फिरते, पण ताईही थोडी हलतेच. तारा तसाच हलताना आढळला आणि ग्रहाचा पत्ता लागला.

२०१९ साली भारताकडून दोघांचं बारसं झालं. ताऱ्याला नाव मिळालं बिभा चौधुरींचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्या पहिल्या महिला शास्त्रज्ञ. ग्रहाचं नाव 'संतमस', म्हणजे झाकोळलेला. हा संस्कृत शब्द सुचवला पुण्याच्या १३ वर्षांच्या शाळकरी मुलाने!

तेव्हा घरातला शब्दकोश चाळत राहा बरं. कोण जाणे, पुढचं नाव तुमच्या वर्गातून जाईल!