लांब काय आहे? अमेरिका की यवतमाळ?

ऑफिसात कुणी विचारलं, ‘तुझं गाव किती लांब रे?’ तर मी आधी विचारतो, किलोमीटरमध्ये सांगू की तासांत? कारण बॉस, या दोन उत्तरांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो!

पटत नाही? मग ऐका. २०१९ चा डिसेंबर. यवतमाळहून आईचा फोन आला, ‘बाबांना अॅडमिट केलंय. येऊन जा.’ मी पुण्यात, दादा सॅन फ्रान्सिस्कोत. मला नागपूरचं विमान त्या वेळी मिळेना, म्हणून रात्री आठची ट्रॅव्हल्स पकडली. तिकडे दादा तासाभरात बॅग भरून निघाला.

आता गणित करा. पुणे ते यवतमाळ सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आत. सॅन फ्रान्सिस्को ते यवतमाळ साधारण १३,२०० किलोमीटर. म्हणजे दादा माझ्यापेक्षा सव्वीस-सत्तावीस पट लांब. मी पोचलो १४ तासांत आणि तो २८ तासांत. अंतर सत्तावीस पट, वेळ फक्त दुप्पट!

त्याच्या २८ तासांचा हिशेबही बघा. दिल्लीपर्यंत १६ तास, दिल्ली-नागपूर पावणेदोन. म्हणजे हवेत पावणेअठरा तास. उरलेले सव्वादहा तास गेले चेक-इन, इमिग्रेशन, पुढच्या विमानाची वाट बघणं आणि नागपूर ते यवतमाळ या दीडशे किलोमीटरमध्ये. यवतमाळलाही विमानतळ आहे बरं का, पण तिथे उतरवणारं नियमित विमान तेव्हा नव्हतं. मग काय, मध्यरात्री टॅक्सी!

तसं आकाशातही किलोमीटरवर भरवसा ठेवू नका. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. रस्ता सुमारे १,४०० किलोमीटरने वाढला, १५,३०० वर गेला. तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर पोचलं. का? तेवढ्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतात. पूर्वेला निघालं की ते पाठीशी, पश्चिमेला निघालं की तोंडावर. वारा पाठीशी असला की लांबचा रस्ताही जवळचा होतो.

नागपूरच्या पुढे मात्र पाठीशी वारा नसतो. तिथे कामाला येतो तो फोनमधला टॅक्सीवाल्या काकांचा नंबर. तेव्हा गावाकडच्या मंडळींनो, आजच एक काम करा. घरी जायचं शेवटचं विमान, शेवटची रेल्वे, शेवटची बस आणि तिथून पुढे नेणारा भरवशाचा माणूस, सगळं एका कागदावर लिहून ठेवा. फोन आल्यावर हात थरथरतात, तेव्हा सर्च करणं जमत नाही.

आमच्याकडे आता थोडा फरक पडतोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून जिल्ह्यातल्या कळंबपर्यंत ब्रॉडगेज रेल्वे आली. यवतमाळ तिथून वीसेक किलोमीटर.

त्या रात्री एक वाजता दादा हॉस्पिटलात शिरला. बाबा जागेच होते. ‘आलं का पोट्टं?’ एवढंच म्हणाले आणि गाढ झोपले. बाहेर कट्ट्यावर चहा घेताना दादा म्हणाला, ‘अमेरिका लांब नाही रे. नागपूरच्या पुढे लांब आहे.’