‘डॉट इन’ दिसले म्हणजे साइट सरकारी असते का? पत्त्याचे शेवटचे अक्षर काय सांगते?

धारणीच्या रस्त्यावर ‘एमएच २७’ दिसले की गाडी अमरावतीची, ‘एमएच ३०’ अकोल्याची आणि ‘एमपी १२’ खंडव्याची, हे कुणाला सांगावे लागत नाही. संकेतस्थळाच्या पत्त्यालाही अशीच पासिंग असते. ‘लाडकी बहीण’ची ई-केवायसी, शिष्यवृत्ती, सातबारा ही कामे मोबाइलवर आल्यापासून ती वाचता येणे गरजेचे झाले आहे. कारण सरकारी योजनांच्या नावाने बनावट लिंकही फिरतात.

देशाचा कोड कुठून येतो?
शेवटच्या टिंबानंतर दोनच इंग्रजी अक्षरे असतील, तर तो देशाचा किंवा प्रदेशाचा कोड. बहुतेक कोड ‘आयएसओ ३१६६’ या आंतरराष्ट्रीय यादीतून घेतले आहेत. नेपाळचा ‘एनपी’, जपानचा ‘जेपी’. ब्रिटन अपवाद, यादीत ‘जीबी’, इंटरनेटवर मात्र ‘यूके’. भारताला ‘आयएन’ म्हणजे ‘डॉट इन’ १९८९ मध्ये मिळाले. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही घेता येते.

मग साइट त्याच देशाची असते?
तसे नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘डब्ल्यूए डॉट एमई’ लिंकमधला ‘एमई’ मॉन्टेनेग्रो या युरोपीय देशाचा आहे. ‘टीव्ही’ प्रशांत महासागरातील तुवालूचा, तर ‘एआय’ कॅरिबियनमधील अँग्विला बेटाचा. अक्षरे सोयीची म्हणून जगभरातील कंपन्या ती विकत घेतात. पासिंगवरून गाडीची नोंदणी कळते, चालवणारा कोण हे कळत नाही.

‘डॉट इन’वर विश्वास ठेवावा का?
फक्त तेवढ्यावर नको. २००५ पासून ‘डॉट इन’ची नोंदणी सर्वांसाठी खुली आहे, पैसे भरून कुणीही नाव घेऊ शकतो. ‘जीओव्ही डॉट इन’ मात्र सरकारी यंत्रणांनाच मिळते. ‘लाडकी बहीण’चा अधिकृत पत्ता ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’नेच संपतो. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ हे राखीव शेपूट ठरवून दिले.

नेमके काय तपासायचे?
- सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडा. त्यापुढे येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचाच भाग पत्ता. तो उजवीकडून डावीकडे वाचा.
- ‘जीओव्ही डॉट इन’ अगदी शेवटी हवे. त्यापुढे ‘डॉट कॉम’ किंवा दुसरे काही आले, तर साइट सरकारी नाही.
- ‘जीओव्ही’च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, तर ते कुणीही घेतलेले साधे नाव असू शकते.
- कुलपाचे चिन्ह म्हणजे सरकारी शिक्का नव्हे. बनावट साइटवरही ते असते.

मेळघाटात अनेकांचे अर्ज सेतू केंद्रावर किंवा ओळखीच्या मुलाच्या मोबाइलवर भरले जातात. आधार क्रमांक आणि ओटीपी सांगण्याआधी स्क्रीनवरचा पत्ता दाखवायला सांगा. त्यात संकोच नको. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितकी लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.