पाणी अडवले, वाटायचे कोणी?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टीने उभी पिके तर नेलीच, पण नदीकाठच्या शेतांतील मातीही खरडून नेली. शासनाला त्या मातीसाठी वेगळी मदत जाहीर करावी लागली. दहा वर्षांच्या आत एकाच भूभागाने ही दोन्ही टोके अनुभवली. पाऊस चार दिवसांत कोसळतो आणि मग महिनाभर दडी मारतो, हे शेतकऱ्याला आता कोणा तज्ज्ञाने सांगण्याची आवश्यकता उरलेली नाही.

या काळात ग्रामीण समाज हातावर हात ठेवून बसला होता, असे मुळीच नाही. पानी फाउंडेशनची ‘वॉटर कप’ स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१९ पर्यंत ती शाहत्तर तालुक्यांत पोहोचली. भर उन्हाळ्यात टिकाव-घमेली घेऊन माणसे माळावर उतरली. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. एरवी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर वर्ष वर्ष एकमेकांशी न बोलणारी भावकी एकाच चरात उतरली, हे त्या कामाचे सर्वांत मोठे फलित मानावे लागेल. त्याच सुमारास ‘जलयुक्त शिवार’ची शासकीय कामेही गावोगाव झाली. त्यांतील नाला खोलीकरणात यंत्रांचा उत्साह काही ठिकाणी शास्त्रापेक्षा अधिक होता, हेही नमूद केले पाहिजे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम व्हावे हा नियम सर्वांना पाठ असतो. पण माथ्यावरचे चर खोदणे कष्टाचे आणि नाल्यात जेसीबी उतरवणे सोपे!

मात्र खरा प्रश्न पाणी साठल्यानंतर सुरू होतो. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या बसाल्ट खडकावर वसलेला आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत जेवढे मावेल तेवढेच पाणी राहते. गावाने श्रमदानाने मुरवलेले पाणी आणि एखाद्याने पाचशे फूट खोल बोअर घेऊन उपसलेले पाणी यांच्यात भिंत नसते. चर सर्वांनी खोदले, विहिरी भरल्या आणि संक्रांतीपर्यंत चार जणांच्या उसाने त्या रिकाम्या केल्या, हे चित्र अनेक शिवारांत दिसते. शेततळ्याचेही तसेच. वाहून जाणारे पावसाचे पाणी धरण्यासाठी ते असावे. प्रत्यक्षात प्लॅस्टिक अंथरलेली कित्येक तळी बोअरच्या पाण्याने भरली जातात. भूगर्भात सुरक्षित असलेले पाणी वर काढून उन्हात ठेवायचे, याला जलसंधारण म्हणता येणार नाही.

हिवरे बाजारचे नाव सर्वांना ठाऊक आहे. तेथील चर, झाडे, बंधारे पाहायला सहली जातात. परंतु त्या गावाचे वेगळेपण डोळ्यांना दिसणाऱ्या कामांत कमी आणि ग्रामसभेत अधिक आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस-केळीसारखी पिके वर्ज्य केली. दरवर्षी पडलेला पाऊस आणि विहिरींतील पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे आणि उरेल त्यावर रब्बीचे पीक ठरते. पाऊस कमी झाला तर पेराही आखडता घेतला जातो. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तेथील चरांचे अनुकरण शेकडो गावांनी केले, ताळेबंदाचे मात्र फार थोड्यांनी.

याहूनही पुढचे पाऊल पुरंदर तालुक्यात कितीतरी आधी पडले होते. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे नायगावला गेले, देवस्थानची चाळीस एकर जमीन खंडाने घेऊन प्रयोग केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या संख्येने द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी आधी भरायचा. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचाही पाण्यावर हक्क आहे, हे व्यासपीठावरून सांगणे सोपे. साळुंख्यांनी ते पाटाच्या वाटणीत उतरवले. सामाजिक समरसतेची भाषा करणाऱ्यांनी या एका नियमाचा जितका अभ्यास करावा तितका थोडा. साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांचा विचार पुस्तकांत पोहोचला, कायद्यात पुरता आला नाही.

आणि ही शिस्त आपल्याला परकी नाही. खानदेश-बागलाणात पांझरा, मोसम या नद्यांच्या बंधाऱ्यांवर शतकानुशतके फड पद्धती चालली. शिवाराचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणते पीक हे सर्वांनी मिळून ठरवायचे, पाटकरी आणि जागल्या गावाने नेमायचे. मोठी धरणे झाली, विहिरीवर वीजपंप आला, आणि ‘माझे पाणी’ हा शब्दप्रयोग रुळला.

केवळ शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही, हेही तितकेच खरे. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, कारखाना आहे, तोडणीची टोळी दारात येते. ज्वारी-तुरीचा हमीभाव जाहीर होतो, पण बाजार समितीत तो मिळेलच याची शाश्वती नाही. अशा स्थितीत अल्पभूधारकाला संयमाचा उपदेश करणे ढोंगीपणाचे ठरेल. शहरांनाही या हिशेबातून अंग काढून घेता येणार नाही. भूजलाच्या कायद्याचे तर विचारायलाच नको. २००९ चा अधिनियम राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, खोल विहिरींवर त्याने मर्यादा घातली, आणि बोअरची गाडी रात्री शिवारात शिरते ती शिरतेच. तिला तहसीलदार अडवू शकत नाही. गाव अडवू शकते.

२०१९ च्या अटल भूजल योजनेत राज्यातील निवडक ग्रामपंचायतींचे जलसुरक्षा आराखडे तयार झाले. यंदा पाऊस संपल्यावर, रब्बीची पेरणी होण्यापूर्वी, कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत ते मोठ्याने वाचून दाखवावेत. जेथे आराखडा नाही तेथे गावातल्या पाच विहिरींची पातळी शाळेतल्या मुलांकडून मोजून घ्यावी आणि ती चावडीवरच्या फळ्यावर लिहावी. त्यासाठी कोणत्याही निधीची वाट पाहावी लागत नाही.